मर्डिनाचा थेंब

...आणि वर मलाच म्हणतो, "मिस आयसी, बाटली बाहेर ठेवा!" बाहेर? अगं बायांनो, बाहेरच ठेवायची होती तर मी गुडघ्यांना तेल चोळून, रविवारची हॅट घालून त्या टेकडीवरच्या मोठ्या घराच्या पायऱ्या चढले कशाला? खोकल्याच्या औषधाची एवढीशी बाटली, त्यात पांढरी रम, तीही पिशवीत बायबलखाली निजवून नेलेली! आणि ओतायची होती किती? एक थेंब!

बरं, अडवतो कोण, तर ओशेन! आपल्या मासेवाल्या व्हर्नाचा ओशेन, ज्याचा शेंबूड मी ह्या हातांनी पुसलाय! आता तो त्या घरात पाहुण्यांना खोल्या दाखवतो, कडक कांजीचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, आणि बोलणं असं, जसं काही जीभसुद्धा इस्त्री करून आणलीय. रम उघडली की पहिला थेंब जमिनीवर, गेलेल्यांच्या नावाचा, हे काय त्याला ठाऊक नाही? त्याच्या बारशाला ओतला होता की मी!

तुम्हाला सांगते, माझी आजी मर्डिना त्या घरात, ऊसमळेवाल्या साहेबांकडे, जमीन घासायला होती. गुलामगिरी उठून कितीतरी वर्षं झालेली, पण गुडघ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं! हातात नारळाचं अर्धं सोडण, मेण लावायचं अन् घासायचं, मेण लावायचं अन् घासायचं, दिवाणखान्याची लाकडी जमीन अशी की मडमेला आपली हनुवटी दिसावी. नाताळात मडम सगळ्यांना एकेक पेला रम द्यायची... स्वयंपाकिणीला, घोडेवाल्याला, अहो, पोपटाला रममध्ये बुडवलेला केक! आणि माझ्या आजीला? "अगंबाई, मर्डिना! तू खाली होतीस होय? दिसलीच नाहीस!" पोपट दिसला!! मरताना माझा हात धरून म्हणाली, "आयसी, सगळे थडग्यावर ओततात. तू तिथे ओत. त्या जमिनीवर. मी चमकवलीय ती." आता सांगा, फार मागितलं का बाईनं? एक थेंब!

पण ओतणार कसा? घराला आधी कुलूप, मग कुणी परदेशी माणूस, मग त्याची कुत्री... यंदा कुठे ते लोकांना बघायला उघडलं, आणि ह्या गुडघ्यांचं असं की पुढच्या वर्षी मला वर नेणार ते पाद्रीबाबाच. म्हणून नातीला, शॅनोयाला म्हटलं, वाढदिवसाला केक नको, मला तिथे ने.

तर बाटली राहिली दारात, आणि ओशेन सगळ्यांना हाकत पुढे. "हे झुंबर साहेबांनी गलबतातून आणवलं... हा पलंग थोरल्या साहेबांचा..." मी विचारलं, "आणि ही जमीन कुणाची रे?" म्हणतो, "महोगनीची, मिस आयसी." महोगनीची म्हणे! शॅनोया कानाशी, "आजी, गप ना, लोक बघतायत." बघू देत! आमच्याकडे कधी कुणी बघितलंच नाही, हीच तर तक्रार आहे!

आणि तेवढ्यात, दिवाणखान्याच्या मधोमध, एक पोरगी तबक घेऊन येते, आणि ओशेन हात पसरून, "ह्या घराची जुनी रीत! स्वागताचा रम पंच!" लालभडक पेले, वर अननसाची फोड... बायांनो, माझी बाटली बाहेर आणि ह्यांची रम आत! माझ्या अंगात वारंच शिरलं. म्हटलं मर्डिना, हे तर त्याहून झकास, मडमेच्याच घरचा पेला, तुझ्या हक्काचा, तेव्हापासून राहिलेला! आता थेंब कसला? उचलला आणि दिला ओतून, अख्खा! त्या चकचकीत जमिनीवर! मग दुसरा! "घे मर्डिना! आज पोपटाच्या आधी!"

एक गोरी बाई किंचाळली, फोड घसरत गेली ती थेट दारापलीकडे, थोरल्या साहेबांच्या पलंगाकडे, ओशेन फडकं घेऊन धावला, "मिस आयसी! जमीन!"

"माझ्या आजीची आहे! खबरदार पुसलीस तर! व्हर्नाला सांगेन!"

फडकं हातातच राहिलं. शॅनोयानं आधी तोंड झाकलं, मग इकडेतिकडे बघितलं... आणि आपलाही पेला हळूच कलंडवला. माझी गं बाय ती!

आणि मग ओशेन जवळ आला, इस्त्री मोडलेल्या आवाजात म्हणाला, "मिस आयसी, रागावू नका... पण त्यात रम नसते. शाळेची मुलं येतात ना बघायला. नुसता रंग, आणि साखरेचं पाणी."

साखर!

अगं, बाईचा आजा उसात मेला, बाप उसात मेला, तिनं स्वतः त्या साखरेवर बांधलेल्या घरात गुडघे झिजवले, आणि एवढ्या वर्षांनी मी हॅट घालून, भांडून, वाजतगाजत जाऊन तिला पाजलं काय... साखरेचं पाणी!

काल व्हर्ना सांगत होती, कितीही घासा, तिथे मुंग्यांची रांग हटत नाही. म्हटलं असू दे... मडमेला नाही दिसली मर्डिना, मुंग्यांना तरी दिसली.