सहलीचा निबंध

शिंपी इस्पितळातल्या बाकावर बायकोच्या रिपोर्टची वाट बघत होता. शेजारी दहावीतली एक मुलगी इंग्रजीचा निबंध घोकत होती. तेवढ्यात तिची मावशी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली.

“काय म्हणाले गं? आई शुद्धीवर आली?”

“आधी निबंध म्हणून दाखव. उद्या पेपर आहे.”

“अविस्मरणीय दिवस. सहलीचाच. क्लासच्या बाई म्हणतात, शेवट गोड केला की मार्क कापत नाहीत.”

“बरं. बस बंद पडते. पुढे?”

“अंधार पडतो, सगळ्या रडकुंडीला येतात. मग एकदाची बस सुरू होते, गल्लीत शिरते आणि दारात आई उभी असते.”

“तिथे बाबा घाल.”

“अगं, तोंडपाठ झालंय! आता कुठे बदलू?”

“तरी घाल.”

“पण आईच होती ना दारात. शाल घेऊन.”

“ठाऊक आहे गं. उद्या त्या ओळीवर तुझा हात थांबेल, म्हणून म्हणते.”

शिंप्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला नाही.

“म्हण, बाळा. बस सुरू होते, मग?”

“नको, मावशी. बस बंदच राहू दे.”