वर्गाच्या ग्रुपवर बाबा

खुशबू : हासू नका बाबा. सकाळी माह्या कॉलेजच्या ग्रुपवर तुमीच बोलले ना?

इश्वर : मी कायले बोलू?

खुशबू : घरात मोबाइल एकच, थो तुमचा. आवाज तुमचा. मांगून बकरी बोंबलली, थे बी आपलीच.

इश्वर : त्या पोट्ट्याले रागावलो फक्त. वीरेंद्र का कोण हाय तुह्या वर्गात, त्याले.

खुशबू : फक्त त्याले नाई गेलं, पुऱ्या वर्गाले गेलं! सर तिथं सवाल टाकतेत, आमी जवाब देतो, त्याचे मार्क भेटतेत. वर्गच हाय थो आमचा.

बेबीबाई : अवो माय! सरानं बी आयकलं?

खुशबू : सरानंच तासाले लावलं आई. मोठ्या आवाजात.

बेबीबाई : हे वावरात उभे राहून वरडून राहिले होते. मले वाटलं, दिवाळीच्या नाटकाची तालीम आतापासूनच सुरू झाली.

इश्वर : मंग काय करू? थो वीरेंद्र ग्रुपवर मनते, पोरीनं बी.ए. केलं का लगन करून टाकाव, पुढं शिकून काय करते! मी धानाच्या रोवणीत, चिखलात उभा. डोस्कंच फिरलं माहं.

खुशबू : काय बोलले, आठवते?

इश्वर : जाऊ दे ना वो.

खुशबू : “माही खुशबू नागपूरले जाईन, एम.ए. करन! कोणाचा बाप अडवते तिले? तिचा बाप मी हाओ, न मी नाई अडवत!” पुरा वर्ग बाक वाजवून राहिला होता बाबा. माही मैत्रीण टीना तर रडली.

बेबीबाई : न इकडं रविवारी अड्याळचे पाहुणे येऊन राहिले पोरीले पाहाले! घरात तर एक शब्द नाई काहाडला तुमी.

इश्वर : त्यायले काल फोन केलो. येऊ नका मनलो.

बेबीबाई : मले न सांगता? मी एवढे पोहे आणून ठेवले, त्याचं काय करू?

इश्वर : आमाले खाऊ घाल.

खुशबू : काल केले? मंग मले काहून नाई सांगतले? मी रातभर झोपली नाई बाबा.

इश्वर : सांगाले आलो होतो. तू भांडे घासून राहिली होती. उभा राहिलो, पानी पेलो, न वापस गेलो.

खुशबू : स्टेजवर तर राजा बनून गावभर गाजवता.

इश्वर : थे दुसऱ्यानं लिवलेलं असते. तू समोर असली का मले काहीच सुचत नाई पोरी.

खुशबू : मलेबी वर्गात तोंड उघडता येत नाई. ग्रुपवरच बोलतो मी.

बेबीबाई : बापावरच गेली.

इश्वर : सर रागावले नाई ना?

खुशबू : नाई. खुश झाले. वीरेंद्र विचारून राहिला होता, काका माफ करतेत का मनून.

इश्वर : माफ केलो मन त्याले. पण आपल्या बहिणीले शिकवाचं मन त्याले. दे मोबाइल इकडं, अजून एक सांगाचं हाय.

खुशबू : वर्गाले?

इश्वर : तुले.

खुशबू : मी इथंच तर बसली हाओ बाबा!

इश्वर : तू जरा आंगनात जाय.