ताप कुणाकडून आला

— विचारायचं नाही. हेच तर सांगितलं होतं आम्हाला, काका. या घरात नवी सून पहिलं वर्षभर नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते, आणि का जेवते ते विचारायचं नाही. तुमच्या श्रद्धानेही नाही विचारलं. दादा हात धुवायला उठला की त्याच ताटात, त्याच वाटीत, त्याने अर्धं सोडलेलं ताक समोर घेऊन ती बसायची. मी म्हटलं होतं तेव्हा, काय गं हे, घरात ताटं कमी पडली का? तर आत्या म्हणाली, "ऋतुजा, तुला पुस्तकातलं कळतंय, घरातलं न्हाई." बरं. नाही कळत. — तुम्ही आधी बसा बघू. दारात हात जोडून काय उभे आहात? मुलीचे वडील आहात तुम्ही, आरोपी नाही. विश्रांतवाडीहून वारज्यापर्यंत या ट्रॅफिकमधून आलात, पाणी तरी घ्या, कॅब थांबेल खाली. — नाही आबा, मी आत जाणार नाही. तुम्ही त्यांना फोन करून म्हणालात, "मुलीला घेऊन जा." कारण सांगितलंत? नाही ना? मग मी सांगते.

वहिनीला ताप आला. घसा इतका सुजला की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मानेला दोन्ही बाजूंनी गाठी. आणि थकवा म्हणजे — पलंगावरून मोरीपर्यंत जायला भिंत धरायची, काका, तुमची पोरगी! आधीच्या डॉक्टरांनी साधा घसा समजून अँटिबायोटिक दिलं, तर अंगभर लाल पुरळ उठलं. या आजारात ते औषध दिलं की पुष्कळांना उठतं तसं. पण बायडाबाई जाधवांचं निदान तयार, अंगावर देवी आल्यात — हो, आत्या, तुझंच — लगेच उशाशी कडुलिंबाचा पाला. शेवटी मी दुसरीकडे नेलं. मी. दादाला प्लॉट दाखवायला जायचं होतं. रक्त तपासलं, ग्लँड्युलर फीवर निघाला. डॉक्टर म्हणाल्या, विषाणू आहे, लाळेतून पसरतो, घाबरू नका. विश्रांती द्या, पाणी भरपूर, आणि पोटात प्लीहा सुजलीय म्हणून काही आठवडे जड उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. मी शहाणी! घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. लाळेतून म्हटल्यावर आत्याने शेजारच्या पोरीला मोबाइलवर शोधायला लावलं. आणि काय सापडलं? की याला चुंबनाचा आजार म्हणतात.

झालं! पुढचं कोण वाचतंय? एकाच पेल्यातून प्यायलं तरी होतो, एकाच चमच्याने खाल्लं तरी होतो, उष्ट्यातून होतो — हे त्याच पानावर खाली लिहिलंय. पण वरचं एक वाक्य मिळालं आणि लगेच तिच्या ऑफिसातला तो आनंद आठवला, ज्याने तिला तापात गाडीवरून घरी आणून सोडलं. बिचारा चहासुद्धा न घेता गेला. त्याचं नाव घेऊन तीन दिवस या हॉलमध्ये कुजबुज चाललीय. आणि आता तिचा पेला वेगळा, ताट वेगळं, तिची चादर कुणी उचलत नाही. अहो, एका खोलीत बसून नाही होत हा! कपड्यांनी नाही होत, पाठीवर हात ठेवून नाही होत. काल-परवापर्यंत उष्टं खाणं सक्तीचं होतं, आज ती दिसली तरी विटाळ.

दादा, मान वर कर. मोबाइल ठेव तो. काकांना सांग, दिवाळीनंतर तुझा घसा बसला होता की नाही? त्याआधी महिना-दोन महिने क्रिकेट खेळत होतास, सगळ्या टीमची एकच बाटली, आणि मग आठवडाभर ताप आणि मानेला गाठी. आईने तुला मऊ भात केला, आत्याने हळदीचं दूध दिलं. तुला विचारलं कुणी, कुणाकडून आणलास म्हणून? तुझ्या सासऱ्यांना बोलावलं? आणि तेव्हाही ती तुझ्याच ताटात जेवत होती. — हो आत्या, दिवाळी केव्हाच झाली, मला माहितीय. तसाच असतो हा. शरीरात शिरल्यावर महिना-दीड महिना पत्ता लागत नाही. आणि माणूस बरा झाला तरी पुढे कित्येक महिने लाळेत राहतो. पुष्कळांना तर लहानपणीच होऊन गेलेला असतो, सर्दी म्हणून सोडून देतात. तू अख्ख्या गावठाणातल्या पोरांचे पापे घेत हिंडतेस, तुझं रक्त तपासू का? हसू नकोस दादा. तुला हसायचा अधिकार नाही.

खात्रीने? नाही, काका, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. दादाकडूनच आला असं खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. माणूस ठणठणीत दिसतो आणि त्याच्याकडून लागण होते. मला तरी कुठे कळलं होतं? शुभंकरचा ताप उतरून दोन महिने झाले होते, आम्हाला वाटलं आता काय —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. — हो. मला झाला होता. सेकंड इयरला. तुम्ही सगळे टॉन्सिल्स म्हणत होतात ना, तेच. कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं मला, मी घरी नाही बोलले. कोण शुभंकर म्हणजे? माझ्या वर्गातला. आई, अशी बघू नकोस. बघा काका, वहिनीला विसरले सगळे. एका मिनिटात.

काय म्हणालात आबा? बाटलीतून? "एका बाटलीतलं पाणी प्यायली असशील, तेवढंच म्हण." किती सोपं आहे नाही? तुम्ही म्हणाल तसं मी म्हणायचं, आई सुटकेचा श्वास सोडणार, आत्या म्हणणार पोरगी आमची साधी हाय. मी बाटलीवाली, म्हणून निर्दोष. आणि आत पडलीय ती? तिच्यासाठी कुणी बाटली शोधली? तिला तर विचारलंसुद्धा नाही तुम्ही. मीही नाही विचारलं, काका, आणि विचारणार नाही. तापाचं औषध करायचं असतं. त्याचं चारित्र्य तपासत बसायचं नसतं.

नाही आबा. नाही म्हणणार.

बाटलीतून नाही. मला शुभंकर आवडत होता, आणि बाटलीतून नाही. ऐकलंत? आता या आजारासाठी घराबाहेर काढायचा नियम असेल, तर आधी मला काढा. वहिनीला तरी विश्रांतवाडीला पाठवता येतं. मला कुठे पाठवाल? माझं माहेर हेच आहे.

बोला ना, काढताय मला? आत्या, उठून आत कुठे चाललीस? आई? आबा, तुम्ही काढताय? — नाही ना?

बरं. काका, खाली उभी आहे ती कॅब कॅन्सल करा.