मूकपटातल्या नवऱ्याचा उखाणा

हे लिहिणारच नव्हतो. पण कुशल, पुढच्या महिन्यात तुझं लग्न, म्हणून टाईप करतोय. दुबईत अल क्वोजच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर आमच्या कामावरचे गणू आणि मिथुन मोबाईलवर शंभर वर्षांपूर्वीचा जपानी मूकपट बघत होते. त्यात लग्न चाललेलं. गणूचं स्वतःचं नऊ दिवसांवर.

“मिथुन, बघ. तीन पेले, प्रत्येकातून तीन घोट. खलास, लग्न झालं!”

“चहा आहे काय?”

“दारू.”

“भटजींसमोर? मजा आहे यांची.”

“दारूचं सोड. उखाणाच नाही रे! साखरपुड्याला सगुणाचं नाव घ्यायला उभा राहिलो आणि तोंडच उघडेना. तिच्या मावश्या अजून हसतात.”

“मग जपानात कर लग्न.”

“सगुणा येईल?”

“विचार तिला.”

“तिथेच तर जीभ वळत नाही.”

“थांब, मागे घे. नवऱ्याचे ओठ हलले.”

“कुठे?”

“हे काय. पिक्चर मुका आहे गण्या, नवरा नाही. घेतला त्याने उखाणा.”

“अरे देवा. तिकडेपण?”

“यल्ला, चल, आता तू म्हण.”

उतरेपर्यंत गणू पुटपुटत होता.

कुशल, तुझा उखाणा मीच शूट करणार. अडकलास तर आवाज काढून टाकीन आणि सगळ्यांना मूकपट म्हणून दाखवीन. वचन.