पानाखालचा केस

…पालथे झोपा आणि एवढं सांगा — आज अकरा नोव्हेंबर, सकाळपासून गारांचा पाऊस झोडपतोय, आख्खा गाव चिखलात, आणि तुमचे बूट कोरडे कसे? मागच्या दारानं आलात ना? म्हणजे आधी बूट वाळेपर्यंत स्वयंपाकघरात बसून माझ्या मुलीच्या, व्हर्नाच्या हातची कॉफी प्यायलात — प्यायलातच, वास येतोय. आणि म्हणे सोयाबीन कापताना पाठ धरली! अहो, ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर आहे मी, मिसुरीतल्या शेतकऱ्यांच्या पाठी चाचपण्यात जन्म गेला, आमचं अर्धं निदान बोटांत असतं — आणि तुमच्या तळहाताला एक घट्टा नाही. उठा. पाठ ठणठणीत आहे तुमची. व्हर्नानं पाठवलंय तुम्हाला. तीही डॉक्टर, माझ्याच हाताखाली शिकली, आता तिला हा दवाखाना हवाय — नाही, तसं म्हणत नाही ती, ‘बाबा, विश्रांती घ्या’ म्हणते. किटलीचं सांगितलं असेल. तापलेली किटली धरून उभा होतो आणि मला कळलं नाही — कळलं, उशिरा कळलं — काय? किटलीचं माहीत नव्हतं? मग सोडा तो विषय.

परीक्षाच घ्यायची ना? घ्या. ती टेलिफोन डिरेक्टरी ओढा. डोक्याचा एक केस उपटा, पानाखाली ठेवा, मी भिंतीकडे तोंड करतो. कॉलेजात आम्हाला पहिल्या वर्षी हेच — पानावरून बोट फिरवायचं आणि खालचा केस शोधायचा, मग दोन पानांखालचा, मग पाच. पुढे मीच शिकवायला लागलो, तेव्हा एखाद्याच्या पानाखाली मुद्दाम केस ठेवायचोच नाही. तरी ज्याला सापडला, त्याला सांगायचो — बाबा रे, तू माणसांना हात लावू नकोस.

ठेवलात? एकाच पानाखाली? म्हातारा समजून सूट देताय होय. बोलू नका आता. इथं नाही… इथंही — हां. हा बघा. उभा आहे, शेवटाला जरा वळलाय, कुरळेच आहेत तुमचे केस. उचला पान.

उचला ना.

…मूठ उघडा जरा.

मुठीतच आहे होय.

हे तिनं शिकवलं तुम्हाला. तिला मी.

जा आता, पुढच्या दारानं जा. बाहेर मिसेस प्रुइट मान धरून बसल्यात. व्हर्नाला म्हणावं, त्यांना तू बघ.