ज्वालामुखीवरचा तास

बाबांचा शनिवारचा पराक्रम तुम्हाला सांगितलाच नाही ना? आई गेल्यापासून ते आमच्याकडे अमेरिकेत, चँडलरला आहेत, पण बोलणं म्हणजे फक्त "हं" आणि "राहू दे". साताऱ्याला तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, यार! शेवटी मी एक डे ट्रिप बुक केली. सकाळी ज्वालामुखीवर हाइक, मग वाइन टेस्टिंग आणि शेवटी एक जुनं खाणगाव.

चढावर गाइड मुलगी म्हणाली, "इथे जमिनीतून आग बाहेर आली."

"नॉट फायर, मॅडम. मॅग्मा," म्हणत बाबांनी काठीने वाटेवरच्या काळ्या वाळूत ज्वालामुखीचा छेद काढला आणि चक्क शिकवायला लागले. सगळा ग्रुप भोवती उभा. तेवढ्यात त्यांना च्युइंग गम चघळणारा एक सहा फुटी टेक्सन दिसला.

"यू! मी आत्ता काय सांगितलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गम गिळला आणि काहीतरी चुकीचं उत्तर दिलं.

"सिट डाउन!"

आणि तो खरंच बसला, वाटेच्या मधोमध!

दुपारी वाइनरीत तोच माणूस ग्लास घेऊन बाबांसमोर आला. "सर, आता पिऊ का?" बाबा इतके हसले, की मलाच रडू फुटलं.

संध्याकाळी खाणगावात फिरताना ते म्हणाले, "माझं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यातलं. का?"

"पुढे ढकल. त्या गाइड मुलीने परत बोलावलंय. धडा अर्धाच झालाय."