धुतलेला दिवा

सन्माननीय अध्यक्ष, आमचे मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, दिवे विभागातले माझे सोबती, आणि अगदी मागे दाराशी बसलेली माझी धाकटी बहीण चिमी,

एकतीस वर्षं समुद्रात खडकांची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयांवरचे दिवे सांभाळले, म्हणून आज हा सत्कार. साहेब आत्ताच म्हणाले, "यांच्या हातचा दिवा कधी विझला नाही." टाळ्याही पडल्या. साहेब, जाता जाता खोटं कशाला? खडकाजवळच्या बोयाचा विझला होता.

हे सोलरचे नवे दिवे साहेबांनीच निवडले. ऑफिसच्या गच्चीवर महिनाभर ठेवून पाहिले, झकास पेटले. पेटणारच की! मी म्हटलं, "साहेब, पक्षी बसू नयेत म्हणून वर काटे असलेले घेऊ, आणि पुसायची महिन्याची फेरी बंद नको." तर म्हणाले, "अहो, माहितीपत्रकात लिहिलंय, देखभाल लागत नाही." आता पक्ष्यांनी माहितीपत्रक वाचलं नाही, त्याला कोण काय करणार? हसा, हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

दिवे बसवल्याच्या पाचव्या महिन्यात, पहाटेच्या धुक्यात, चिमीच्या नवऱ्याची बोट त्या खडकावर आपटली. तो गेला.

दिवा काढून वर्कशॉपात माझ्याकडे आणला. सोलर पॅनलवर पक्ष्यांच्या विष्ठेचा बोटभर थर, बॅटरी रिकामी. आणि मी काय केलं? आमची रीत आहे, समुद्रातून आलेला दिवा आधी गोड्या पाण्यानं धुवायचा आणि उन्हात ठेवायचा. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र सवयीनं चालले. दोन दिवसांनी चौकशीला मंडळी आली. पॅनल लख्ख, बॅटरी भरलेली. अंधार ओळखणाऱ्या सेन्सरवर हात धरला, दिवा पेटला. अहवालात लिहिलं, "दिवा सुस्थितीत. बोटचालकाचा निष्काळजीपणा."

दिवा मीच धुतला, हे साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, "निवृत्तीला वर्ष राहिलंय. हात दाखवून अवलक्षण कशाला?" आणि मी गप्प बसलो. भ्यालो, दुसरं काय! वर्षभर लोक या चिमीला तोंडावर सुनावतात, तुझा नवरा डुलक्या घेत होता. ही ऐकून घेते. आणि मी, सख्खा भाऊ, तिच्या घरी चहा पिऊन येतो.

अध्यक्ष महाराज, हा माझा सही केलेला जबाब. हारतुऱ्यांच्या बाजूलाच ठेवतो. तो अहवाल बदलून द्या, एवढंच मागणं आहे.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दिवा धुतला, तेवढं मात्र घालू नका.

चिमे, तो जागा होता गं.